पाय बघ गे माझे, मावशी

आमची बेळगावजवळच्या खानापूरकडची दिंडी माघीला निघते. आषाढात आमच्याकडं रोपलावणी, माणूस रिकामं कुठलं? भात मळून घरात पडलं की मग पंढरपूर. सासूबाई दरसाल जायच्या. मी पंचवीस वर्षं ‘पुढच्या साली’ म्हणत राहिले. कधी म्हैस व्यायची, कधी पोराची परीक्षा, कधी गिरणीत दळायला माणूस नाही.

मग कंबर धरली. एका दवाखान्यात आठ महिने ‘मणक्याची झीज’ म्हणून पट्टा बांधून घेतला. रक्त उतरत चाललं तेव्हा कुठं नीट तपासण्या झाल्या. मल्टिपल मायलोमा. हाडांच्या मगजाचा कॅन्सर. पाठीतलं एक हाड दबून चपटं झालेलं. मोठे डॉक्टर म्हणाले, “समूळ बरा होत नाही, आटोक्यात ठेवता येतो.” किती वर्षं, विचारलं. तर कुणाला दोन, कुणाला दहा.

बसमध्ये रडले, खोटं कशाला सांगू. वर्षभर इंजेक्शनं झाली. त्यांनी आजार दबला, पण तळपाय बधिर झाले. चप्पल निसटली तरी कळत नाही. तशातच एका संध्याकाळी घरात सांगून टाकलं, यंदा मी जाणार. विचारलं नाही, सांगितलं. मालक भडकले. “वाटेत काय झालं तर?”

“मग न्यायला या.”

डॉक्टरांनी ‘नको’ म्हटलं नाही. वजन उचलायचं नाही, कमरेतून वाकायचं नाही, पडायचं नाही, ताप आला तर तिथल्या तिथं दवाखाना गाठायचा. गोळ्या २१ दिवस रोज एक, पुढं ७ दिवस सुट्टी. दिंडीचा पहिला आठवडा त्या सुट्टीत बसवला. डोक्यावर तुळस घ्यायची फार हौस होती. ते जमलं नाही, टाळ घेतला.

चिक्कोडी मागं पडल्यावर उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले. दोन-दोन ट्रॉल्या, वर कर्कश कन्नड गाणी. आम्ही रस्त्याच्या कडेनं. अथणीच्या बाजूला एका वस्तीवर बायका वाटेतच आडव्या झाल्या, “बर्री, ऊटा माड्री!” म्हणजे या, जेवा. भाकरी, शेंगाचटणी, एण्णेगाय म्हणजे भरली वांगी. पाट्यांवरच्या भाषेवरून इकडं जन्मभर भांडणं बघितली. त्या पंगतीत कुणी कुणाची भाषा विचारली नाही. (दोन दिवस मी सामानाच्या टेम्पोत बसले. तेही सांगायला हवं.)

रोज मुक्कामाला हरिपाठ झाला की एक काम असायचं. पायाला फोड आला तरी मला कळणार नाही, आणि वाकून बघायची सोय नाही. आमच्यातली एक म्हातारी मावशी, सत्तरी ओलांडलेली, बॅटरी घेऊन बसायची. पहिल्या रात्री मी पाय आखडून घेतले. थोरल्या माणसाच्या मांडीवर पाय कसा द्यायचा?

“दे गे. दिवसभर एकमेकांच्या पाया पडतोयच की.”

बोटांच्या बेचक्यातसुद्धा बघायची. पाचव्या रात्री टाचेखाली रुपयाएवढा फोड सापडला, फुटून मोजा चिकटलेला. मला काहीच नाही, तिच्याच डोळ्यांत पाणी. दुसऱ्या दिवसापासून दर विसाव्याला मोजा काढायला लावायची.

जत सोडलं तसा शाळूच शाळू. मंगळवेढ्याला वीणेकरी बुवांनी चोखोबांची कथा सांगितली. गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून ते गेले. हाडं शोधायला नामदेव आले, आणि ज्या हाडातून ‘विठ्ठल’ ऐकू आलं ते चोखोबांचं म्हणून उचललं. लहानपणापासून ऐकलेली कथा. त्या दिवशी मात्र माझा हात आपोआप पाठीवर गेला. माझ्या हाडांचा फोटो मी बघितलाय. त्यात बारीक बारीक भोकं दिसतात, उंदरानं कुरतडल्यासारखी.

दशमीला पंढरपुरात पोचलो. दर्शनाची रांग मला झेपणारी नव्हती. एकादशीला महाद्वारात गेलो, चोखोबांच्या समाधीशी. वाकता येईना, म्हणून उभीच राहिले. मावशी वाकली, समाधीला हात टेकवला आणि तोच हात माझ्या पाठीवर आणला.

“हिथंच काय गे?”

“जरा खाली.”

तिनं हात खाली सरकवला. मागून गर्दीचा रेटा आला तरी काढला नाही. मग म्हणाली, “चल, शाबूवडा खाऊ. तुझी गोळी ऱ्हायली की आजची.”