घर विकल्यावर पुन्हा घर घेताना

“तुमचं आधी घर होतं ना? मग डाउन पेमेंटची मदत तुम्हाला नाही मिळायची.” फेब्रुवारी २०२५ मध्ये एका बँकेतल्या लोन ऑफिसरने फोनवर एवढं सांगितलं आणि मी ते खरं मानून बसले. अमेरिकेत घर घेताना जी एकरकमी रक्कम आधी भरावी लागते, ते डाउन पेमेंट; त्यासाठी सरकारकडून मिळणाऱ्या मदतीची ही गोष्ट. सहा महिने बसले. त्या सहा महिन्यांची हळहळ अजून आहे, म्हणून हे सविस्तर लिहितेय. तुमच्यापैकी कुणाची बहीण, कुणाचा मुलगा अमेरिकेत याच वळणावर उभा असेल, तर त्याला हे वाचायला द्या.

आम्ही ओहायोत घर घेतलं होतं, २०१६ मध्ये. सात वर्षं हप्ते भरले. मग नवऱ्याची नोकरी गेली, त्याच वर्षी मिरजेला बाबांची हृदयाची शस्त्रक्रिया झाली, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये घर विकावं लागलं. विक्रीतून हातात आलं ते कर्जं फेडण्यात आणि बिननोकरीच्या महिन्यांत संपलं. मला नॉर्थ कॅरोलिनात एका इस्पितळाच्या लॅबमध्ये काम मिळालं, तेव्हापासून रॅलेजवळ भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. हप्ता भरण्याइतकी मिळकत पुन्हा सुरू झाली होती. नव्हती ती एकरकमी रक्कम.

इथे घर घेताना किमतीच्या वीस टक्के रक्कम भरली तर उत्तम. कमी भरली तर कर्जाच्या विम्याचा, म्हणजे पीएमआयचा, वेगळा भुर्दंड दर महिन्याला पडतो. तीन टक्क्यांतही कर्ज मिळतं, पण ते तीन टक्के आणि वर कागदपत्रांचा, वकिलाचा, करांचा खर्च मिळून आकडा बराच फुगतो.

ऑगस्टच्या शेवटी एका मैत्रिणीने मला हाउसिंग काउन्सेलरकडे पाठवलं. केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याने, ज्याला इथे सगळे ‘हड’ म्हणतात, मान्यता दिलेल्या संस्थांमध्ये हे सल्लागार असतात. त्यांना घर विकायचं नसतं की कर्ज विकायचं नसतं. साठीच्या एक बाई होत्या. माझी फाइल चाळून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “घर विकल्याची तारीख काय?” मला वाटलं, उगीच विचारताहेत. पण सगळी गोम त्या तारखेतच होती.

‘पहिल्यांदा घर घेणारा’ या शब्दांचा सरकारी अर्थ वेगळाच आहे. गेल्या तीन वर्षांत स्वतःच्या मालकीच्या घरात जो राहिलेला नाही, तो पहिल्यांदा घर घेणारा. वीस वर्षांपूर्वी घर असेल, दोन घरं झाली असतील, तरी मध्ये तीन वर्षं गेली की तुम्ही पुन्हा पहिले. आपल्याकडे पंतप्रधान आवास योजनेत देशात कुठेही कुटुंबाच्या नावावर पक्कं घर असलं की विषय संपतो. त्याच सवयीने मी इथलाही नियम मनाशी धरला होता.

आमची तीन वर्षं ऑगस्ट २०२६ मध्ये भरणार होती. तोवर थांबलो तर पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठीची १५,००० डॉलरची मदत मिळण्याचा संभव होता. “आणि आत्ता?” मी विचारलं. तेव्हा बाईंनी सांगितलं की नॉर्थ कॅरोलिना हाउसिंग फायनान्स एजन्सी, ही राज्याची १९७३ पासूनची संस्था, पूर्वी घर असलेल्यांनाही मदत देते: कर्जाच्या तीन टक्क्यांपर्यंत. उत्पन्नाची मर्यादा, क्रेडिट स्कोअर किमान ६४०, आणि घरात स्वतः राहायचं, या अटी. म्हणजे लोन ऑफिसरने सांगितलेलं साफ चूक होतं. मी तिथे रडले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

रात्री आम्ही दोघं वही घेऊन बसलो. रॅलेजवळच्या क्लेटनमधलं एक टाउनहाऊस २,८०,००० डॉलरला होतं. तीन टक्के डाउन पेमेंट ८,४०० डॉलर. उरलेलं कर्ज २,७१,६०० डॉलर, आणि त्याच्या तीन टक्के मदत ८,१४८ डॉलर. म्हणजे डाउन पेमेंट जवळजवळ निघत होतं. बाकीच्या खर्चापुरती आमची शिल्लक होती. वर्षभर थांबून १५,००० मिळाले तर फरक पडणार ६,८५२ डॉलरचा. पण महिना १,९०० भाड्याने त्या वर्षाचे २२,८०० डॉलर जाणार होते. घर घेतलं तरी सुरुवातीला हप्त्यातलं बरंचसं व्याजच असतं, हे मला ठाऊक आहे. तरी थोडं मुद्दल फिटतं, आणि लेकीची शाळा पुन्हा बदलावी लागत नाही. तिने दोन राज्यांत तीन शाळा पाहिल्यात. आमचा निर्णय तिथेच झाला.

आता या मदतीचं खरं रूप सांगते, कारण ‘फुकट पैसे’ समजून कुणी सही करू नये. हे दुसरं गहाणखत असतं. व्याज शून्य, दरमहा हप्ता नाही, पण घरावर बोजा चढतो. अकराव्या वर्षाच्या अखेरीपासून दरवर्षी वीस टक्के माफ होत जातात आणि पंधरा वर्षं पूर्ण झाली की सगळं माफ. त्याआधी घर विकलं किंवा व्याजदर उतरले म्हणून कर्ज दुसरीकडे फिरवलं, तर माफ न झालेली रक्कम परत करायची. संस्था थेट कर्ज देत नाही, तिच्या यादीतल्या बँकांकडूनच घ्यावं लागतं. अशा योजनांमध्ये मुख्य कर्जाचा व्याजदरही बाजारातल्या सर्वात स्वस्त दराइतका नसतो. वरचेवर नोकरी बदलून राज्यं बदलणाऱ्यांनी म्हणूनच दहादा विचार करावा. आम्हाला मात्र आता कुठेच जायचं नव्हतं.

दर राज्यात हे निराळं आहे. टेक्ससमध्ये पूर्वी घर असलेल्यांना वाट मोकळी आहे. मिनेसोटात त्यांच्यासाठी ‘स्टेप अप’ नावाची वेगळी योजनाच आहे. मिशिगनमध्ये ठरावीक भागांतच चालतं. एच-वन व्हिसावर असलेल्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं: मे २०२५ पासून एफएचएचं, म्हणजे फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचं, सरकारी हमीचं कर्ज ग्रीन कार्डाशिवाय मिळत नाही, त्यामुळे त्याला जोडलेली मदतही जाते.

आईला फोनवर हे सांगितलं तर ती गप्प झाली. मग म्हणाली, “आपण काय इतके खाली आलोय का गं, की सरकारकडे हात पसरावा?” मी तिला सांगितलं, आई, इथे नर्सा, शिक्षक, पोलीस हीच मदत घेतात. ज्याला हप्ता झेपतो पण एकरकमी साठत नाही, त्याच्यासाठीच ती आहे. तिला पटलं की नाही, कळलं नाही.

एका गोष्टीला मात्र मदत उपयोगी पडत नाही. या राज्यात सौदा ठरताच ‘ड्यू डिलिजन्स फी’, म्हणजे घर तपासून घ्यायला मिळणाऱ्या मुदतीचे पैसे, थेट विकणाऱ्याला द्यावी लागते, आणि सौदा आपण मोडला तर ती परत मिळत नाही. राज्याचे पैसे शेवटच्या सह्यांच्या दिवशी येतात, ही फी आधी खिशातून. आम्हाला २,००० डॉलर द्यायचे होते आणि शिल्लक हलवायची भीती वाटत होती. सांगलीहून दादा म्हणाला, मी पाठवतो. बँकेला त्यासाठी पत्र लागतं: पैसे भेट म्हणून दिले आहेत, परतफेडीची अपेक्षा नाही. मी दादाला म्हटलं, मी फेडणार आहे, मग खोट्या पत्रावर सही कशी करू? तो म्हणाला, “भाऊबीज महिन्यावर आलीय. ओवाळणी परत करतात का कधी?” पावणेदोन लाख रुपये ही त्याच्यासाठी लहान रक्कम नाही. मी फेडण्याचा विचार मनातून खरोखर काढून टाकला, मगच सही केली.

ऑक्टोबरच्या ३० तारखेला वकिलाच्या ऑफिसात सह्या झाल्या. इथे हे काम वकीलच करतात. दुसऱ्या गहाणखताशी मी थांबले. २०४० मध्ये ते पूर्ण माफ होईल, तेव्हा लेक अठ्ठावीस वर्षांची असेल. नवऱ्याने पेन पुढे केलं.

शनिवारी नव्या घरात दूध उतू घातलं. व्हिडिओवर आई, दादा, वहिनी सगळे होते. आई स्वयंपाकघर बघत होती, वहिनी पडद्यांचं विचारत होती. दादा म्हणाला, “फोन जरा दाराकडे ने. उंबरा दाखव.”