नावावर जाऊ नका, हॅश बघा

आजची दुपार एका बायोस (कन्सोल सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) फाइलपायी गेली. बाहेर नागपूरचं ऊन, घरात कूलर, आणि भाचा सारखा विचारतोय, "मामा, गेम काऊन चालू नाही होत?"

पहिल्या प्लेस्टेशनचा एम्युलेटर, म्हणजे त्या कन्सोलचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्रॅम, काळ्या पडद्यावर अडकला होता. बायोस फाइलचं नाव बरोबर, एससीपीएच-५५०१ (कन्सोलचा मॉडेल नंबर). आकारही बरोबर, ५१२ केबी, म्हणजे ५,२४,२८८ बाइट. त्यामुळे सगळा संशय गेमवर. मी बायोस फाइलचा एमडी५ हॅश, म्हणजे तिच्या आतल्या डेटावरून निघणारी ठशासारखी ओळ, काढायला लावला. विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयुटिल ही कमांड आधीपासूनच असते. सुरुवात ४९०एफ६६६ई अशी यायला हवी होती, आली भलतीच.

नाव कुणीही बदलू शकतं, त्यानं हॅशला फरक पडत नाही. पण आतला एक बिट जरी उलटला तरी ती ३२ अक्षरांची ओळ पार बदलते. म्हणून मला ही तपासणी इतकी आवडते, तिच्यापुढे अंदाज चालतच नाहीत. (५५०० जपानची, ५५०१ अमेरिकेची, ५५०२ युरोपची. ही अदलाबदलही हॅशमध्येच पकडली जाते.)

दादाच्या कन्सोलमधून काढलेली मूळ प्रत जुन्या हार्ड डिस्कवर होती. तिचा हॅश तंतोतंत जुळला, गेम सुरू झाला. बायोसवर सोनीचा कॉपीराइट आहे, त्यामुळे स्वतःच्या यंत्रातून काढलेली प्रतच वापरावी असं माझं ठाम मत.

तुमच्याकडेही असे डंप (कन्सोलमधून काढलेल्या प्रती) पडून असतील तर आजच हॅश काढा आणि त्याच फोल्डरमध्ये लिहून ठेवा. अडलं तर कमेंटमध्ये विचारा, रात्री बसून सगळ्यांना उत्तर देतो.