पारसच्या वाटेवर वाचलेला अध्याय

ऋषिपंचमीला शेगावला पायदळ जायचं, हे आमच्या गावच्या बायांचं ठरलेलं असतं. गजानन महाराजांनी १९१० साली याच तिथीला समाधी घेतली. यंदा मीही निघाले. पिशवीत भाकरी, ठेचा, एक साडी आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला माझा शाळा सोडल्याचा दाखला. नववी पास. त्यानंतर लग्न झालं.

दहावीला बाहेरून बसायचं तर १७ नंबरचा फॉर्म भरावा लागतो, त्याला हा दाखला लागतो. दोन वर्षांपूर्वी शाळेतून काढून आणला आणि कपाटात ठेवला. घरच्यांनी अडवलं नव्हतं, पोरगी तर मागेच लागली होती. अडलं होतं माझंच. दिवसभर निंदण करून आलं की अक्षरं डोळ्यांपुढे तरंगतात, गणिताचं नाव काढलं की पोटात गोळा येतो. आधी मन लागू दे, मग भरू, असं म्हणता म्हणता दोन पावसाळे गेले. वाटलं, समाधीपुढे दाखला ठेवावा आणि महाराजांकडे हिंमत मागावी.

अकोल्याहून संध्याकाळी निघालो. गायगावच्या गणपतीपाशी चहा झाला. पुढे अंधार, पावसाची भुरभुर, दोन्ही बाजूंना सोयाबीन आणि फुलावर आलेली कपाशी. पारसच्या वीजकेंद्राचे दिवे दिसायला लागले तेव्हा बरं वाटलं, पण तासभर चाललो तरी ते तितकेच लांब. टाचेला फोड आला होता. वाटेत एका देवळाच्या ओट्यावर टेकलो तेव्हा मी पोराला फोन लावायच्या बेतात होते, गाडी घेऊन ये म्हणून.

शेजारी दुसऱ्या गावची एक म्हातारी बसली होती. तिनं पदराखालून महाराजांची 'गजानन विजय' पोथी काढली.

"तुले वाचता येते ना व?"

"येते थोडं."

"मंग वाच न एखांदा अध्याय. मी सालोसाल हे संगं आणतो, पण नुसती डोक्शाले लावतो. मले अक्षर येत नाही."

मोबाइलच्या उजेडात पान उघडलं. अकोलीच्या कोरड्या विहिरीला पाणी लागल्याची कथा निघाली. पहिल्या ओव्यांना अडखळले, जोडाक्षरावर थांबले. म्हातारी म्हणाली, "सावकाश वाच, मी कुठी पयून राह्यलो?" मग आवाज लागला. बोलणाऱ्या बाया गप्प झाल्या, एकीनं उजेड धरला. बारा वर्षं कोरडी पडलेली ती विहीर भरली तेव्हा म्हातारीनं हात जोडले होते, आणि तिचे डोळे माझ्या तोंडाकडे होते. माझं वाचणं कुणाला इतकं हवं असेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं. घरी एकटीनं पुस्तक उघडून मी स्वतःची परीक्षा घेत बसायची, आणि दर वेळी नापास व्हायची.

फोन लावायचा राहून गेला. नागझरीला अजून एक अध्याय झाला. शेगावला दर्शनाच्या बारीत ती माझ्यापुढे उभी होती, पुढच्या अध्यायाच्या पानात बोट घालून.

दाखला मी समाधीपुढे काढलाच नाही. तो शाळेत द्यायचा होता. सोमवारी जाऊन दिला, फॉर्म भरला.

आता रात्री भांडी झाली की पोरीजवळ गणित घेऊन बसते. गणित अजून जड जातं. शनिवारी मात्र शेजारच्या गावी म्हातारीकडे जाते. पोथीचे २१ अध्याय आहेत. आमचे सहा झाले.