पाऊस, चार वर्षांचा पोरगा आणि आमची किचनमधली माटोळी

काल दुपारी आमच्या ओट्यावर तीन ग्लास होते, एकात निळं पाणी, एकात गुलाबी, एकात हिरवट, आणि खाली फरशीवर तिन्हीचं मिळून एक तळं. जुलै आहे, गोवा आहे, पाऊस किती ते सांगायला नको, कपडे चार चार दिवस वाळत नाहीत आणि त्यात शाळेला पावसाची सुट्टी. आमचा पोरगा सकाळी आठला विचारतो "आई, आता काय करूया?" आणि सव्वाआठला परत तेच.

तर ते तळं कसं झालं ते सांगते. कुंपणावर गोकर्णीचा वेल आहे, त्याची दहा-बारा निळी फुलं त्यानेच तोडून आणली (छत्री होती, पण उलटी धरलेली). मी ती गरम पाण्यात टाकली, थोड्या वेळात पाणी निळंशार. थंड झाल्यावर एका ग्लासात त्याला लिंबू पिळायला दिलं आणि पाणी जांभळं होता होता गुलाबी झालं. तो एकदम गप्प. आमच्याकडे हा गप्प बसणं म्हणजे बातमी आहे. दुसऱ्या ग्लासात खायचा सोडा टाकला तर हिरवट. आंबट लागलं की गुलाबी, सोडा लागला की हिरवं, एवढंच मी त्याला सांगितलं, बाकी अँथोसायनिन (फुलातलं रंगद्रव्य) वगैरे कधीतरी पुढे. मग मी फोन घ्यायला वळले आणि साहेबांनी लिंबाचा ग्लास सोड्याच्या ग्लासात ओतला, फस्सकन फेस वर आला आणि मग पुढचा अर्धा तास फक्त तेच, परत कर, परत कर.

हे बघून सासूबाई म्हणाल्या, हळदीचंही होतं की असं. कागदाला हळदीचं पाणी फासलं, पंख्याखाली वाळवलं आणि त्याला साबणाच्या पाण्यात बोट बुडवून चित्र काढायला दिलं. पिवळ्यावर लालभडक रेघा! त्या सहज म्हणाल्या, कुंकू पूर्वी असंच करायचे, हळदीला चुना लावून. मी केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालेली बाई, हळदीचा डाग साबणाने लाल होतो हे हजारदा बघितलंय पण कुंकवाशी कधी जोडलंच नव्हतं.

आता थोडी तक्रार. मागच्या महिन्यात प्लेस्कूलमधून कापसाची मेंढी करायला पाठवली होती. छापील कागद, त्यावर कापूस चिकटवायचा. गोव्यात मेंढी कुणी बघितलीय हो? कापूस त्याच्या बोटांना, गम केसांना, शेवटी मेंढी मीच केली आणि त्याच्या नावापुढे 'व्हेरी गुड'चा स्टार मिळाला. तेव्हापासून ज्यात शेवटी भिंतीवर लावायला काहीतरी निघालंच पाहिजे असली अ‍ॅक्टिव्हिटी मी बंद केली. या वयाच्या पोरांना वस्तू नको असते, करत राहणं हवं असतं, आणि त्यातही खोटं काम दिलं की त्यांना बरोबर कळतं.

चिखलाचंच बघा. आम्ही माशेलच्या जवळ राहतो. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी तिथे देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकाला असतो, मोठी मोठी माणसं चिखलात लोळतात. ते बघून आल्यावर याला "कपडे खराब होतील" कुठल्या तोंडाने सांगणार? त्यामुळे पाऊस थोडा थांबला की परसात एक कोपरा त्याचा, जुनी पळी, दोन करवंट्या, बस. पाऊस थांबलाच नाही तर घरात चिकणमाती. चवथीचं (गणेश चतुर्थीचं) काम सुरू झालेलं असतं, ओळखीच्या चित्रशाळेतून (गणपतीच्या मूर्ती करतात तिथून) नारळाएवढा गोळा मागून आणला आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला. चार वर्षांच्या हाताला सगळ्यात सोपा येतो तो साप. त्यामुळे आमच्याकडे सध्या सुमारे चाळीस साप आहेत, एक उंदीर आहे (तो आजीने केला) आणि एक गणपती आहे असं त्याचं म्हणणं आहे.

कॉर्नफ्लोअरचा प्रयोग माहीत नसेल तर जरूर करा. दोन वाट्या कॉर्नफ्लोअर, साधारण एक वाटी पाणी, हळूहळू घालायचं. बुक्की मारली तर घट्ट, हात ढिला सोडला तर आत जातो. फक्त ते सिंकमध्ये ओतू नका, पाईप तुंबतो. वाळू द्या आणि झाडून काढा, आणि हे मला प्लंबरला पाचशे रुपये देऊन कळलंय.

पण सगळ्यात जास्त वेळ चाललं ते माटोळीचं. माटोळी आम्हा गोंयकारांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते, चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला नारळ, सुपारी, आंबाडे, चिबूड, रानातली फळं, वेली असं सगळं बांधतात. त्याला विचारलं, आपण छोटी करूया? कपडे वाळत घालायचं रिंगण पंख्याच्या हुकाला नाही, किचनच्या दारात लटकवलं. मग टोपलीतली भाजी आली. दोडकी, भेंडी, लिंबं, एक लांबलचक पडवळ. गाठ त्याला मारता येत नव्हती, तर आजीने केळीच्या सोपाचे दोर काढून दिले आणि नुसता वेढा घालून टोक आत खुपसायला शिकवलं. पाच भेंड्या पडल्या, सहावी राहिली. आणि मग सुरूच, "आजये, आनीक एक जाय!" (आजी, अजून एक हवं!) मराठीतून मधेच कोंकणी आली की समजायचं रंगात आलाय. एका बाजूला पडवळ आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही म्हणून रिंगण कलंडलं, ते त्याने स्वतः बघितलं आणि स्वतःच तवसं (काकडी) आणून दुसऱ्या बाजूला बांधायला लावलं. मी काही शिकवलं नाही, मी चहा पीत होते. दीड तास! मोबाईल कुणी मागितला नाही (दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त स्क्रीन नको असं डब्ल्यूएचओने २०१९ मध्ये सांगून ठेवलंय, पावसाळ्यात ते पाळून दाखवा म्हणावं).

एक सांभाळा. खऱ्या माटोळीतलं सगळंच खायचं नसतं, त्यामुळे रानफळं आणून करणार असाल तर मोठ्यांनी नीट ओळखूनच, आणि लहान बिया-सुपाऱ्या धाकट्या भावंडांपासून लांब.

संध्याकाळी नवरा आला आणि दारात पडवळाला डोकं आपटलं. मी म्हटलं काढूया आता, रात्रीच्या भाजीला दोडकी हवीत. तर हा दारात दोन्ही हात पसरून उभा, विसर्जन झाल्याशिवाय काढायचं नाही म्हणे. मग काय, पेज, पापड आणि लोणचं.