पाच फुटी फाइफ आणि आमची शुगर

आमच्याकडे कुणाला शुगर निघाली की पहिलं काम म्हणजे बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही. मुलीला निघाली तर अजिबातच नाही, स्थळं यायची बंद होतील ना. मला टाइप वन डायबेटिस आहे, कॉलेजात असताना निघाला, आणि तेव्हा आत्याने आईला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन बजावलं होतं की बाहेर बोलू नकोस गं, नौपाड्यात बातमी पसरायला काय लागतं. आजीने वेगळाच मोर्चा उघडला, जांभळाच्या बियांची पूड, कारल्याचा रस, रात्री भिजवलेले मेथीदाणे. आता अशा घरातली मुलगी हेडफोन लावते आणि त्यात न्यूयॉर्कचा एक ठेंगणा रॅपर १९९३ सालच्या गाण्यात छाती काढून विचारतोय की माझ्यासारखा फंकी डायबेटिक शेवटचा कधी ऐकला होतात. मी ऐरोली स्टेशनच्या जिन्यात थांबून ते परत लावलं.

हा फाइफ डॉग. खरं नाव मलिक टेलर, जन्म २० नोव्हेंबर १९७०, क्वीन्समधला, घरचे मूळचे त्रिनिदादचे, आई शेरिल बॉइस-टेलर कवयित्री. त्याच्या हिप-हॉप ग्रुपचं नाव अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट. त्यात क्यू-टिप, फाइफ, डीजे अली शहीद मुहम्मद, आणि चौथा जरोबी, जो कायम तळ्यात-मळ्यात, पहिल्या अल्बमनंतर तो सरळ स्वयंपाकाकडे वळला. क्यू-टिप आणि फाइफ अगदी लहानपणापासूनचे दोस्त. ट्राइब म्हटलं की सगळे क्यू-टिपचंच नाव घेतात, आणि घ्यावंच, जॅझच्या जुन्या रेकॉर्ड खणून काढून त्याचे तुकडे जोडणं हे मुख्य डोकं त्याचं. पण माझं स्पष्ट मत आहे की फाइफ नसता तर ट्राइब हा फार हुशार आणि थोडासा बोअर ग्रुप झाला असता. क्यू-टिप हवेत जातो, मऊ आवाजात काहीतरी तत्त्वज्ञान सांगतो, आणि तेवढ्यात फाइफ त्या चिरक्या आवाजात घुसतो आणि बास्केटबॉल, शेजारपाजार, पोरी, कुणाची तरी खेचणं असलं सगळं चालू करतो. उंची पाच फूट तीन इंच, तर त्यावर कुणी हसायच्या आधी हाच स्वतःला पाच फुटी मारेकरी म्हणवून मोकळा.

गंमत म्हणजे १९९० च्या पहिल्या अल्बममध्ये तो जेमतेम आहे, मोजक्याच गाण्यांत. ग्रुपकडे तेव्हा त्याचं फार लक्षच नव्हतं, जरोबीबरोबर वेगळं काहीतरी करायचं डोक्यात होतं. आणि अल्बम आल्यावर महिन्याभरात टाइप वन निघाला. वय एकोणीस. मला माझं ते वय आठवतं, म्हणजे हॉस्पिटलमधून घरी आल्यावर फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या कप्प्याशेजारी, इन्सुलिनचा बॉक्स ठेवला होता आणि दार उघडलं की तोच दिसायचा. फाइफच्या घरच्या फ्रिजचं मला काय माहीत, पण पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९९१ मध्ये, दुसरा अल्बम आला आणि त्यात दुसऱ्याच गाण्यात सुरुवातीलाच माइक हातात घेऊन हा सुटलाय. आदल्या वर्षीचा तो अर्धवट लक्ष असलेला पोरगा कुठे गेला कळत नाही. त्याच अल्बमवर एका गाण्यात रॉन कार्टरने, म्हणजे जॅझवाल्या माइल्स डेव्हिसबरोबर वाजवलेल्या त्या रॉन कार्टरने, बेस वाजवलाय. मग ९ नोव्हेंबर १९९३ ला तिसरा अल्बम, ज्या दिवशी वू-टँग क्लॅन या दुसऱ्या गाजलेल्या रॅप ग्रुपचा पहिला अल्बम पण दुकानात आला, तो एक दिवस कसला असेल विचार करा.

एक सांगून टाकते कारण दरवेळी कुणीतरी विचारतंच. टाइप वन गोड खाऊन होत नाही. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते, मग आयुष्यभर बाहेरून घ्यायचं, पर्याय नाही. लेडीज डब्यात चौथ्या सीटवर बसून मी इन्सुलिनचं पेन काढते, सुई फिरवून लावते, आधी दोन युनिट हवेत सोडून टोकावर थेंब आला का बघते, मग डोस फिरवते, टक टक टक आवाज येतो, आणि कुर्ता जरासा वर करून पोटाला टोचते. समोरच्या काकू हमखास विचारतात, अगं एवढ्या लहान वयात, फार पेढे खाल्लेस का. ऐरोलीपासून ठाणे येईपर्यंत किती समजावणार, मी हो म्हणते.

पण झाल्यानंतर गोड सांभाळावंच लागतं आणि इथे फाइफला जमलं नाही, हे पण तितकंच खरं. २०११ मध्ये ग्रुपवर डॉक्युमेंटरी आली, नट मायकल रॅपापोर्टने केलेली, त्यात तो स्वतःच कबूल करतो की मला साखरेचं व्यसन आहे, ड्रग्जसारखं. मला तो सीन आवडतो कारण त्यात तो शहाणा पेशंट वगैरे होत नाही. आपल्याकडे आजारी माणसाने एकतर बिचारं व्हायचं नाहीतर प्रेरणादायी, मधलं काही चालत नाही. हा मधला होता. गाण्यात मिरवणार आणि घरी जाऊन कोल्ड्रिंक पिणार.

वर्षानुवर्षं शुगर वर राहिली की किडनीतल्या बारीक चाळण्या खराब होतात. त्याच्या झाल्या. ग्रुप १९९८ मध्येच फुटला होता, तो अटलांटाला राहायला गेल्यापासून अंतर पडलं होतं, क्यू-टिपशी तर खटके उडतच होते. २००० मध्ये त्याने एकट्याचा अल्बम काढला, जे डिला, पीट रॉक असे नावाजलेले प्रोड्यूसर होते त्यात, पण फार चालला नाही. २००६ पासून ट्राइब परत एकत्र शो करायला लागले, त्यात त्याच्या औषधपाण्याचा खर्च हे पण एक कारण होतं. २००८ मध्ये बायकोने स्वतःची किडनी दिली. आणि त्याच वर्षीच्या टूरवर स्टेजवर क्यू-टिप त्याला म्हणाला, जरा जिवंत दिस, आणि हा असा भडकला की बॅकस्टेजला जुंपली. बाहेरच्याला वाटेल एवढ्याशा गोष्टीवरून काय. मला विचाराल तर मी पूर्णपणे फाइफच्या बाजूने आहे. शुगर खाली गेलेली असताना कुणी 'अगं चेहरा कसला पाडलायस' म्हटलं ना, की माझ्याही तोंडात जे येतं ते इथे लिहिण्यासारखं नाहीये.

ती किडनी काही वर्षांत गेली, परत वेटिंग लिस्ट, परत डायलिसिस. माझ्या मामांचं कळव्याला डायलिसिस चालायचं, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. त्यांच्या हाताच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला नसा जोडून केलेल्या जागेवर, बोट ठेवलं की आत छोटी मोटर चालू असल्यासारखं थरथरायचं. आणि तिथून निघाल्यावर रिक्षात साधं 'डावीकडे घे' म्हणायचं त्राण नसायचं मामांना, ते मी सांगायचे. तर हे असलं डायलिसिस चालू असताना फाइफने ट्राइबचा शेवटचा अल्बम केलाय.

१३ नोव्हेंबर २०१५ ला ते बऱ्याच वर्षांनी टीव्हीवर एकत्र आले, जिमी फॅलनच्या शोमध्ये. त्याच रात्री पॅरिसमध्ये हल्ले झाले होते. तिथून ठरलं की एक अल्बम करू. क्यू-टिपची अट अशी की ईमेलवर फायली पाठवायच्या नाहीत, जो गाणार त्याने न्यू जर्सीच्या त्याच्या घरच्या स्टुडिओत येऊन गायचं. मग फाइफ एवढ्या लांबून यायचा, तब्येत असली काय नसली काय. काम पूर्ण व्हायच्या आधीच २२ मार्च २०१६ ला गेला, ४५ वर्षांचा होता. अल्बम ११ नोव्हेंबरला आला, ट्रम्प निवडून आल्यावर तीनच दिवसांनी, आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत थेट एक नंबरला. दुसऱ्या दिवशी सॅटर्डे नाइट लाइव्ह या टीव्ही शोवर गाताना फाइफच्या कडव्याच्या वेळी कुणीच तोंड उघडलं नाही. वरून त्याचं चित्र असलेला मोठा पडदा सोडला आणि रेकॉर्डवरचा त्याचा आवाज लावला. त्याच महिन्यात क्वीन्समध्ये लिंडेन बुलेवार्डच्या एका कोपऱ्याला त्याचं नाव पण दिलं.

लोक विचारतात कुठून सुरू करू. सगळे १९९१ च्या अल्बमपासून सांगतील, सांगू देत, चुकीचं काही नाही. पण मी म्हणेन शेवटच्या अल्बममधलं 'ब्लॅक स्पॅझमॉडिक' आधी लावा. त्यात फाइफ त्रिनिदादी लहेज्यात फुल मस्तीत सुटलाय, आणि नंतर क्यू-टिप येतो तो जणू फाइफच त्याच्या तोंडून बोलतोय असा, म्हणजे गेलेला दोस्त वरून निरोप पाठवतोय की थांबू नका, काम करत राहा. पहिल्या वेळी कोण कुणाचं बोलतंय हे कळणार नाही, परत लावा. आणि आवाज जरा वाढवा, ट्रेनच्या खडखडाटात बेस ऐकू येत नाही.