गिझर चालू असतानाच येणाऱ्या मुंग्या

सकाळी पावणेसातला फोन आला. घरमालक काका. "अरे, तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरणीला नळाचा शॉक बसलाय. लगेच ये, पण आधी मला भेट."

आधी त्यांना भेटलो नाही. थेट वर गेलो. बाई तोवर दवाखान्यात पोचली होती. मागे फेकली गेली, बेसिनच्या कडेवर डोकं आपटलं, सात टाके. नवरा दारात उभा होता, हातात तिची रबरी चप्पल. त्याच्याकडून कळलं ते असं: ती अंघोळीला गेली, गिझर चालू, मध्येच लाइट गेली. अंधारात नळ बंद करायला हात लावला आणि शॉक बसला. जिन्यातले दिवे मात्र चालू होते.

लाइट गेली नव्हती, न्यूट्रल गेला होता. फेज म्हणजे करंट घरात आणणारी वायर, न्यूट्रल म्हणजे तो परत नेणारी. हा फरक बाहेरच्यांना पटकन कळत नाही. फेज तुटला तर घर मुकाट अंधारात बसतं. न्यूट्रल तुटला तर अंधार तसाच, पण फेज गिझरच्या कॉइलमधून येऊन तुटलेल्या जागेच्या अलीकडे, घराच्या बाजूच्या न्यूट्रलच्या वायरवर थांबलेला असतो. वाट बघत. मेन स्विच उघडला तर न्यूट्रल लिंकचा, म्हणजे न्यूट्रल जोडायच्या पट्टीचा, स्क्रू काळाठिक्कर, ॲल्युमिनियमची वायर बिस्किटासारखी हातात आली.

पण तुटलेला न्यूट्रल नळावर कसा आला? बाथरूमबाहेरचा पंधरा अँपिअरचा सॉकेट खोलला. अर्थच्या, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणाऱ्या, पिनेपासून न्यूट्रलच्या पिनेपर्यंत बोटभर तांब्याची वायर. लूप. ऐंशीच्या दशकातली बिल्डिंग, फ्लॅटमध्ये दोनच वायरी, अर्थिंगची तिसरी वायर ओढलेलीच नाही. मग कुणीतरी अर्थला न्यूट्रलशी बांधून टाकलं. ही चलाखी टेस्टिंगमध्ये पास होते, म्हणून मला तिचा जास्त राग येतो. फेज आणि अर्थच्या भोकात टेस्ट लॅम्प घातला की शंभरचा बल्ब झक्क पेटतो. गिऱ्हाईक खूश, "अर्थिंग आहे ना? आहे!" खरं तर गिझरचा पत्रा आणि न्यूट्रल एक झालेले असतात.

पुढचं मला काकांकडून वदवून घ्यावं लागलं. या फ्लॅटला पूर्वी ईएलसीबी होता, म्हणजे करंट कुठे गळला की लाइन तोडणारा स्विच, 30 मिलीअँपिअरचा. सारखा पडायचा. पडणारच! गिझरचा पत्रा न्यूट्रलला, पत्र्याला लोखंडी पाइप, पाइप खाली जमिनीला. न्यूट्रलचा थोडा करंट त्या वाटेने पळायचा आणि ईएलसीबी बरोबर पकडायचा. तो बोंबलत होता ते खरं होतं. काकांनी एका पोराला बोलावून तो डायरेक्ट करून घेतला, म्हणजे त्याला वगळून वायरी थेट जोडल्या. उरला 16 अँपिअरचा एमसीबी, फार करंट ओढला तरच पडणारा स्विच. तो वायर वाचवतो, माणूस नाही. माणूस मरतो त्याच्या शेकडो पट कमी करंटला.

नंतर सोसायटीने उभे पाइप बदलून प्लास्टिकचे टाकले. चांगलंच काम केलं. फक्त बाथरूममधला लोखंडी पाइप जमिनीपासून तुटला आणि नळासकट अधांतरी राहिला. मेन चालू करून, खाली मीटर रूमच्या अर्थपर्यंत लांब वायर सोडून मल्टिमीटर लावला. नळावर 226 व्होल्ट.

न्यूट्रल काही एका रात्रीत जळला नव्हता. नवरा म्हणाला, गेले दोन महिने नळाला मुंग्या यायच्या, गिझर चालू असतानाच. तेव्हाच दिवेही मंद व्हायचे. आमच्या धंद्यातल्या कुणालाही या दोन वाक्यांवरून सैल न्यूट्रल कळला असता. त्याने एजंटला सांगितलं, एजंटने काकांना, आणि काकांचा निरोप उलट आला: "ओल असेल. चप्पल घालून अंघोळ करा."

तिने घातली. पायात रबर नसतं तर मी हे वेगळं लिहीत असतो. इतका बेजबाबदार सल्ला, आणि त्यानेच ती वाचली. याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

काका वाईट माणूस नाहीत. तीन फ्लॅट भाड्याने दिलेत, सगळं रीतसर. करार रजिस्टर, पोलीस व्हेरिफिकेशन, जिन्यात कॅमेरा, लोखंडी सेफ्टी डोअर. करारात भिंतीला खिळा ठोकला तर किती कापणार तेही आहे. भाडेकरूपासून फ्लॅट कसा वाचवायचा याचा त्यांनी पुरेपूर विचार केलाय. फ्लॅटपासून भाडेकरू, हा विषय एजंट काढत नाही, वकील काढत नाही.

आणि मीही काढला नाही. चार वर्षांपूर्वी याच फ्लॅटमध्ये मी इन्व्हर्टर बसवला होता. बोर्ड उघडला तेव्हा डायरेक्ट केलेला ईएलसीबी मला दिसला होता. म्हणालो, "काका, हे बरं नाही." ते म्हणाले, "पुढच्या वेळी बघू." इन्व्हर्टरचे पैसे घेतले आणि निघालो. बिलावर एक ओळ लिहिली असती तर कागद तरी राहिला असता. सॉकेट तर खोललाच नाही. कामात नव्हता.

त्या दिवशी लूप कापला, लिंक बदलली, नवा ईएलसीबी टाकला. दोनेक हजारांची वस्तू. टेस्टचं बटण नवऱ्याला स्वतः दाबायला लावलं. अर्थची वायर तीन मजले खाली न्यायला मात्र सेक्रेटरींची परवानगी हवी, "मीटिंगमध्ये ठेवतो" म्हणाले. तोवर गिझरला हात लावायचा नाही असं सांगून प्लगच कापून पिशवीत टाकला. वायर गेली बाराव्या दिवशी. त्या संध्याकाळी गिझर चालू केला, बाई बाथरूमच्या दारात उभी, कपाळावर पट्टी. पुढे येईना. मग आधी मीटर लावला, शून्य दाखवला, आणि तिच्यासमोर नळाला हाताची पाठ टेकवली. पाठच, तळवा टेकवायची सवय आम्हाला नाही. तरी ती म्हणाली, "दादा, अजून एकदा."

काकांनी सगळे पैसे देतो म्हटलंय, घासाघीस नाही. फक्त बिलावर "अर्थिंग दोष दुरुस्ती" नको, "किरकोळ मेंटेनन्स" लिही म्हणतात. बिलबुक चार दिवस गाडीच्या डिकीत पडून आहे.