खर्ज उतरलाय

निवेदक नावं सांगून बाजूला होतो, टाळ्या होतात आणि मग पाच-सात मिनिटं रंगमंचावर काहीच घडत नाही. निदान मागच्या रांगांना तसं वाटतं. कुणीतरी शेजाऱ्याला म्हणतं, "अजून वाद्यंच लावतायत!" आणि उठून चहाच्या स्टॉलकडे निघतं. 1 ऑगस्ट 1971 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये याच्या उलट झालं होतं. रविशंकर आणि अली अकबर खाँ यांनी वाद्यं लावून संपवली, तर श्रोत्यांनी तेच वादन समजून टाळ्या वाजवल्या. लावणं एवढं आवडलं असेल तर वादनही आवडेल, अशा अर्थाचं रविशंकर म्हणाले. आपल्याकडे ती गफलत होत नाही, आपल्याला लगेच कळतं की अजून सुरू झालेलं नाही. तेवढ्यात वडा खाऊन होतो.

तेवढ्यात होतं ते असं. गवयाच्या मागे डाव्या-उजव्या हाताला दोन तंबोरे. प्रत्येकाला चार तारा: पहिली पंचमाची (प), मधल्या दोन जोडीच्या म्हणजे षड्जाच्या (सा), आणि शेवटची जाड पितळी खर्जाची, म्हणजे खालच्या सा ची. सुरुवात जोडीपासून. पेटीवाला गवयाची पट्टी, म्हणजे त्याचा सा, धरून ठेवतो, समजा काळी एक (सप्तकातली पहिली काळी). पहिली जोडीची तार त्या सुरावर आणायची आणि दुसरी पहिलीला जुळवायची. पेटीला नव्हे. खरी कसोटी या दुसऱ्या तारेची. काळी एकला जोडी साधारण 138.6 हर्ट्झवर बोलते. दुसरी तार एका हर्ट्झने जरी कमी असली, तरी दोन्ही एकत्र छेडल्यावर आवाजात सेकंदाला एक लाट उठते: वाँव, वाँव. तार जवळ येते तशी लाट लांबते, दोन सेकंदांना एक, चार सेकंदांना एक, आणि मग ती विरते. तिथे थांबायचं. घाईत लावणारे लाट मंद झाल्यावरच समाधान मानतात. अर्ध्या तासाने गवई मागे वळून बघतो तो यामुळेच.

मग खर्ज, जोडीच्या बरोबर खाली एक सप्तक. शेवटी पंचम. रागात पंचम नसेल तर मध्यम किंवा निषाद. मालकंसाला मध्यम, पूरियाला निषाद. दोन तंबोरे असले की एकावर पंचम आणि दुसऱ्यावर निषाद अशी वाटणीही करतात, यमनला ती छान शोभते.

खुंटीने सूर जवळपास आणायचा, शेवटचा केस मण्याने. तारा ज्या रुंद पट्टीवर टेकतात ती घोडी, आणि भोपळ्याच्या तळाशी त्या जिथे बांधतात तो लंगोट. घोडीच्या खालच्या बाजूला, तार लंगोटाकडे उतरत जाते तिथे प्रत्येक तारेत एक मणी ओवलेला असतो. लंगोटाकडे सरकवला की तार ताणली जाऊन सूर चढतो, घोडीकडे ढकलला की उतरतो. म्हणून खुंटीने लावताना मणी मधोमध ठेवायचा, म्हणजे पुढे दोन्हीकडे जागा राहते. मणी आधीच टोकाला नेऊन ठेवलेला तंबोरा मैफलीत हमखास दगा देतो, कारण भर ख्यालात खुंटीला हात घालावा लागतो आणि खुंटी कधीच केसाएवढी फिरत नाही.

सूर जुळला म्हणजे तंबोरा लागला असं मात्र नाही. जवारी, म्हणजे तारेचा झंकार, उरतेच. घोडीची वरची बाजू सपाट दिसते, पण तिला अगदी मंद उतार दिलेला असतो आणि कंप पावणारी तार त्या उतारावर घासत बोलते. तार आणि घोडी यांच्यात सुताचा बारीकसा दोरा सरकवतात. एका हाताने तार छेडत राहायचं, दुसऱ्या हाताने दोरा तांदळाच्या दाण्याएवढा पुढे, त्याहून कमी मागे. आधी आवाज मुका असतो, मग नुसता चरचरतो, आणि मध्ये एक जागा अशी येते की तार एकदम उघडते आणि आवाज संपायच्या ऐवजी फुलत जातो. जागा सापडली की दोऱ्याला हात लावायचा नाही. एवढं करून सूर पुन्हा तपासायचा, कारण दोऱ्याने तोही किंचित हलतो. दोरा लावूनही तार उघडत नसेल, तर घोडीवर तारेची घळ पडली आहे असं समजावं. तिथे दोऱ्याचा उपाय नाही. ती कारागिराकडे कानशीने घासून घ्यावी लागते, याला जवारी काढणं म्हणतात. हे काम चांगलं करणारे हात फार नाहीत. मिरजेत आहेत. मंगळवेढा-पंढरपूर भागातले कडू भोपळे मिरजेला येतात आणि तिथून तंबोरे, सतारी होऊन देशभर जातात. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

चारही तारा जुळल्या आणि जवारी उघडी असली की कुणीही न छेडलेला गंधार (ग) ऐकू येतो. तो मुख्यतः खर्जातून उठतो. खर्जाची तार 69.3 हर्ट्झची, तिचा पाचवा स्वरांश, म्हणजे तिच्यातूनच उमटणारा पाचपट कंपनांचा सूर, 346.5 चा. पेटीवर काळी एकचा शुद्ध गंधार म्हणजे पांढरी चार, ती 349 च्या थोडी वर. अडीच-पावणेतीन हर्ट्झचा हा फरक कागदावर फालतू वाटतो, पण गवयाने तंबोऱ्याच्या गंधारावर आवाज ठेवलेला असताना पेटीवाल्याने पांढरी चार दाबून धरली, की दोघांमध्ये खडा आल्यासारखं होतं. मुरलेला पेटीवाला म्हणूनच लांब गंधारावर बोट उचलतो, किंवा भाता अगदी हलका करतो.

इथपर्यंतचं सगळं शिकवता येतं. हवा शिकवता येत नाही.

वाद्यं ग्रीनरूममध्ये लागलेली असतात आणि वाजायची असतात दिव्यांखाली. धातूची तार तापली की लांबते, सैल पडते आणि सूर उतरतो. त्यातही पितळ पोलादाच्या दीडपटीहून जास्त प्रसरण पावतं, आणि खर्जाची तार जाडीच्या मानाने सैल असते. म्हणून सगळ्यात आधी, सगळ्यात जास्त उतरतो तो खर्ज. गायक मागे न बघता दोन बोटं खाली दाखवतो तेव्हा शिष्य आधी खर्जाचा मणी चाचपतो, ते याच कारणाने. आता गंमत अशी की त्याच दिव्यांखाली तबला उलट वागतो. चामडं तापून कोरडं होतं, ताणतं आणि तबला चढतो. एकाच उष्णतेने तंबोरा खाली, तबला वर, आणि पेटी मध्ये ठाम बसलेली. तबलजी हातोडी घेऊन गजऱ्यावर, म्हणजे चामड्याच्या कडेच्या वेणीवर, ठोकतो ते त्याचं बिनसलं म्हणून नव्हे. गजऱ्याच्या कडेने सोळा घरं असतात, एक उतरलं की समोरचं बघावं लागतं. थोड्याशा फरकासाठी गजरा पुरतो, जास्त असेल तर बाजूचे लाकडी गठ्ठे.

मोकळ्या मैदानात याच्या नेमकं उलट. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव डिसेंबरात असतो, 1953 पासून, आधी वर्षानुवर्षं रमणबागेच्या मैदानावर आणि आता मुकुंदनगरला. सूर्य बुडला की मांडवाच्या कडेला बसलेले शाली काढतात आणि तारा हळूहळू चढायला लागतात. दव पडू लागलं की तबल्याचं चामडं ओल धरतं आणि तबला उतरतो. संध्याकाळी पाचला लावलेली वाद्यं रात्री नऊच्या गायकाच्या उपयोगाची नसतात. जाणकार व्यवस्थापक म्हणून पुढच्या कलाकाराचे तंबोरे आधीच्या कलाकाराचा द्रुत (जलद ख्याल) चालू असतानाच विंगेत आणून ठेवतात, वीस मिनिटं तरी. वाद्याला त्या हवेत मुरू द्यायचं आणि मग लावायचं. ए.सी. सभागृहात तर हे फारच गरजेचं, कारण झोत नेमका खुंट्यांवर येत असतो. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करायचा नियम आल्यापासून वेळ मोजून मिळतो, तेव्हा विंगेतली वीस मिनिटं वाचली तर तेवढा ख्याल वाढतो.

खुंटीचंही असंच. लाकडी खुंटी लाकडी भोकात नुसत्या घर्षणाने बसलेली. पावसाळ्यात फुगून इतकी आवळते की फिरवताना दांडी कुरकुरते, आणि कोरड्या थंडीत आकसून सुटते. सुटणाऱ्या खुंटीला खडूची भुकटी लावायची आणि फिरवताना आत दाबत फिरवायची. पंचमावरून मध्यमावर यायचं असेल तर खुंटी सैल करून थेट मध्यमावर थांबू नये. तार वरच्या पट्टीच्या भोकात अडकून बसते आणि दोन मिनिटांनी सुटून सूर बदलतो. थोडं जास्त खाली जावं, तार बोटाने हलकेच ओढावी आणि मग खालून वर येत मध्यम गाठावा. नवी तार मैफलीच्या दिवशी चढवू नये, ती ताणून बसायला दोन-तीन दिवस घेते. तरीही तुटायची ती तुटतेच, बहुधा लंगोटाजवळच्या फासात. दुसरा तंबोरा असतो तो याच्यासाठीही.

अलीकडे एक नवी अडचण आली आहे, ती म्हणजे मोबाईल. तानपुऱ्याचं ॲप मांडीजवळ ठेवून मॉनिटरमधून ऐकायचं आणि मागचे दोन तंबोरे शोभेला. ॲपचा आवाज हलत नाही हीच त्याची गैरसोय. खरे तंबोरे दिव्यांखाली उतरतात, ॲप उतरत नाही, आणि दोन्ही मिळून गायकाच्या कानात तीच ती लाट सुरू होते. शिवाय मोबाईलचा ट्यूनर पाश्चात्त्य A सूर 440 हर्ट्झचा धरून चालतो आणि समोरची जुनी पेटी थोडी वर-खाली असू शकते. रंगमंचावर पेटी असेल तर पेटीलाच लावावं, मोबाईल पिशवीत ठेवावा. दौऱ्यावर, विमानात तंबोरा नेणं अशक्य असतं तेव्हा ॲप किंवा इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचं छोटं यंत्र चालेल. पण मग तेच एकटं असू द्यावं.

माइकवाल्याला एवढंच सांगायचं की माइक घोडीपासून वीतभर अंतरावर ठेव आणि मॉनिटरचं तोंड भोपळ्याकडे करू नकोस. भोपळा पोकळ असतो, मॉनिटरमधला खर्ज त्याच्यात शिरून परत माइकमध्ये येतो आणि घुमायला लागतो. मग साऊंडवाला खालचे सूर कापतो आणि तंबोऱ्याचा अर्धा जीव जातो.

आणि छेडणाऱ्याने तालात छेडू नये. मधल्या बोटाने पहिली तार, तर्जनीने उरलेल्या तीन, चार-पाच सेकंदांचं एक आवर्तन, तबल्याशी काही देणंघेणं नाही. जोरात तर मुळीच नाही, कारण जोरात ओढलेली तार छेडल्या क्षणी चढते आणि मग खाली येते. द्रुत रंगात येतो, तबला धावायला लागतो, समोरचे मान डोलावतात, आणि मागे बसलेल्या शिष्याचा हातही नकळत धावायला लागतो. गवई तानेच्या मध्येच डावा तळवा जमिनीकडे दाबतो. शिष्य हात मंदावतो, दुसऱ्या हाताने भोपळ्याच्या अंगाने खाली जातो आणि खर्जाचा मणी लंगोटाकडे जेमतेम जोंधळ्याएवढा सरकवतो. गवई समेवर येतो, मागे न बघता.